'डर्ट' ऐकणाऱ्या लेकीस

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा आईने मला विचारलं, "ही पोरगी दिवसभर कानात काय घालून बसते? सगळं मरणाचं आणि नशेचं." तिची समजूत मी घातली आहे. पण ॲलिस इन चेन्स या अमेरिकन रॉक बँडचा 'डर्ट' हा माझाही जिवाभावाचा अल्बम. कॉलेजात असताना मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर तो पहिल्यांदा ऐकला, आणि आज तो तुझ्यापर्यंत आपणहून पोचला याचा मला मनापासून आनंद झालाय. म्हणून हे पत्र.

सुरुवातच बघ. 'देम बोन्स'मध्ये प्रस्तावना नाही, काही नाही. गिटार आणि गायक लेन स्टेलीची आरोळी एकदम अंगावर येते. मांडीवर हात ठेवून मात्रा मोज, सात भरतील. तबल्याच्या क्लासमध्ये रूपक ताल शिकलीस, त्यामुळे तुला ते लगेच कळेल. रॉकला सरावलेला कान आठव्या मात्रेची वाट बघतो, ती येत नाही आणि पुढचं आवर्तन सुरूही झालेलं असतं. गाणं मरणाच्या भीतीचं आहे आणि ती भीती शब्दांच्या आधी तालातून पोचते. मग धृपदात ताल सरळ चारावर येतो आणि जरा श्वास घेता येतो. दुःख नुसतं ओकून टाकलेलं नाही, ते घडवलंय. मला वाटतं ओढ लागते ती इथे. आपल्या मनातला गोंधळ कुणीतरी इतक्या नेमकेपणाने बांधू शकतं, हे ऐकूनच निम्मा भार उतरतो.

दुसरी गोष्ट आवाजांची. स्टेली आणि गिटार वाजवणारा जेरी कँट्रेल बऱ्याच ठिकाणी एकच ओळ दोन वेगळ्या स्वरांत, अगदी लगटून गातात. 'डाऊन इन अ होल' नीट ऐक. (हे गाणं काही आवृत्त्यांत चौथं आहे, काहींत शेवटून दुसरं. मला ते शेवटाकडेच आवडतं.) शब्द पार एकटेपणाचे, आणि गाणारे दोघे. कोणता सूर कुणाचा हे कधीकधी सांगताही येत नाही. एकट्या माणसाचं गाणं एकट्याने गायलेलं नाही, म्हणून तर ते ऐकून माणूस आणखी खचत नाही.

हा अल्बम सिएटलच्या पोरांचा असला तरी बहुतेक ध्वनिमुद्रण झालं लॉस एंजेलिसला, 1992च्या वसंतात. 29 एप्रिलला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टातून सुटले, शहर पेटलं आणि हे सगळे काही दिवस जोशुआ ट्रीच्या वाळवंटात निघून गेले. सप्टेंबरमध्ये अल्बम आला. त्याच्याही आधी, मार्च 1990मध्ये, त्यांच्या गावातला गायक अँड्र्यू वुड हेरॉइनने गेला होता. अल्बममधलं शेवटचं गाणं, 'वुड?', कँट्रेलने त्याच्यासाठी लिहिलं. मेलेल्या माणसाचा न्यायनिवाडा करायला बसणाऱ्यांवरचा रागही त्यात आहे.

पण बाप म्हणून मला सगळ्यात धरून ठेवतं ते 'रूस्टर'. कँट्रेलचे वडील व्हिएतनामच्या लढाईवर जाऊन आले होते, 'रूस्टर' हे त्यांचं टोपणनाव. लढाईबद्दल ते घरात बोलत नसत आणि बापलेकांत अंतर पडलेलं. मुलाने काय केलं, तर बापाच्या जागी स्वतः उभा राहून, 'मी' म्हणत गाणं लिहिलं. सुरुवातीला आवाज किती हलका आहे बघ, जणू गवतातून कुणी दबकत चाललंय, आणि मग एकदम सगळं कोसळतं. पुढे त्याच्या व्हिडिओसाठी वडील कॅमेऱ्यासमोर बसले आणि बोलले. कँट्रेल सांगतो की एका कार्यक्रमात वडील मागे उभे राहून हे गाणं ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोक्यावरची हॅट काढून हवेत धरली, आणि ते रडत होते. घरात जे वर्षानुवर्षं बोललं गेलं नाही, ते एका काळ्याकुट्ट म्हटल्या जाणाऱ्या अल्बमने बोलून दाखवलं.

आता एक गोष्ट, जी तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. 'जंकहेड'मध्ये नशेची मिजास आहे. नुसतं तेवढंच गाणं ऐकलं तर ती खरी वाटेल. पुढे 'गॉड स्मॅक', 'हेट टू फील', 'अँग्री चेअर' या क्रमाने ऐकलंस तर त्याच माणसाचा पार चोळामोळा झालेला दिसतो. म्हणून फोनवर गाणी उलटसुलट लावू नकोस. स्टेलीने 1996मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की चाहते येऊन अंगठा उंचावून दाद देत, आपणही नशेत आहोत असं कौतुकाने सांगत, आणि नेमकं हेच त्याला नको होतं. लोक म्हणतात, इतकं दुःख होतं म्हणून इतकं मोठं संगीत आलं. मला हे अजिबात पटत नाही. 1996नंतर त्याच्या हातून जेमतेम काही गाणी झाली, आणि 5 एप्रिल 2002ला तो 34व्या वर्षी एकटा गेला. नशेने त्याला गाणं दिलं नाही, होतं ते हिरावून नेलं.

तू ऐकतेस त्याची मला भीती नाही. पण एखाद्या रात्री गाण्याने भागेनासं झालं, तर घड्याळ न बघता मला फोन कर. काही बोललीच पाहिजेस असं नाही.

आणि हो, त्यांचा 10 एप्रिल 1996चा ब्रुकलिनचा अनप्लग्ड कार्यक्रम अजून ऐकला नसशील, तर माझ्यासाठी राखून ठेव. 'डाऊन इन अ होल', 'रूस्टर', 'वुड?', सगळी साध्या गिटारवर आहेत. दिवाळीत आलीस की दोघं मिळून ऐकू. तोवर 'रेन व्हेन आय डाय' एकदा हेडफोन काढून, खोलीतल्या मैत्रिणीला शेजारी बसवून लाव आणि तिला कसं वाटलं ते मला कळव.

तुझा,
बाबा