नवरा नाही, मग तपासणी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझं वय ५४. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात लघवीला जळजळ आणि खालच्या अंगाला खाज सुरू झाली. दोन महिने कुणापाशी बोलले नाही. शेवटी तालुक्याला डॉक्टरांकडे गेले, तर पहिलाच प्रश्न, "मिस्टर काय करतात?" ते नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मग हा त्रास कसा?" मी इतकी खजील झाले की पुढचं काही न विचारता गोळ्या घेऊन घरी आले. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी काय गुन्हा केला होता?

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, योनीमार्ग कोरडा पडतो, आतली त्वचा पातळ होते, लघवीचा संसर्ग वरचेवर होऊ शकतो. संबंध असोत वा नसोत. त्यावर मलम मिळतं. मला काही आठवड्यांत आराम पडला.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केलीत का, हेही त्यांनीच विचारलं. "आता मला कशाला?" मी म्हटलं. आमच्याकडे विधवा, टाकलेल्या आणि ज्यांचे चाकरमानी फक्त गणपती-शिमग्याला येतात त्या, सगळ्याजणी हेच म्हणतात. आशाताई शिबिराचं सांगायला आल्या की आम्ही मागे सरतो. पण या कर्करोगामागचा एचपीव्ही हा शरीरसंबंधांतून पसरणारा विषाणू वर्षानुवर्षं शरीरात गप्प राहू शकतो. संसर्गापासून कर्करोग व्हायला बहुधा १५ ते २० वर्षं जातात. म्हणजे यजमान गेले तरी माझा धोका संपलेला नव्हता. तिशीपुढच्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती लग्न झालेल्यांपुरती नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा आमच्या गावातही कुंकू-बांगड्यांवर बोलणं झालं. ते हवंच होतं. आमच्या तब्येतीचा विषय मात्र कुणी काढला नाही. एकटेपणाचा तर नाहीच. कुणी पाठीवरून हात फिरवून कित्येक महिने होतात, हे सांगायचं तरी कुणाला?

आपल्या जिल्हा पानावर तपासणीचे वार आणि ठिकाणं छापावीत, ही विनंती. माझी तपासणी झाली, काही मिनिटांचं काम. येत्या गुरुवारी शेजारच्या दोघींना घेऊन जाणार आहे.

आपली,
एक वाचक, जि. रत्नागिरी