लेसर प्रयोगशाळेतील मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. माझ्या प्रबंधात आणि त्यानंतरच्या शोधनिबंधांत आपला उल्लेख ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’ एवढ्या एकाच ओळीत आला आहे, कारण सहलेखक म्हणून नाव घालण्यास आपण प्रत्येक वेळी नकार दिलात. आपल्या निवृत्तीनंतर तरी त्या ओळीमागचे काम लोकांना कळावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी रसायनशास्त्र विभागातून आपल्याकडे आले, तेव्हा माझ्या लेखी लेसर म्हणजे रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशावरून नमुन्यातले रेणू ओळखण्याची नोंद) घेण्यासाठी लागणारा एकरंगी प्रकाश होता, आणि नमुन्याला धक्का न लावता त्याची माहिती काढणे ही आमची रीत होती. आपल्याकडे मात्र काही नॅनोसेकंदांचे स्पंद, म्हणजे लेसरचे अतिशय क्षणिक झोत, धातूवर केंद्रित करून त्याचा पृष्ठभाग मुद्दाम उडवला जाई आणि उडालेल्या द्रव्याचा पातळ थर समोरच्या काचेवर बसवला जाई. पाण्याखालच्या लोखंडावर लेसरचे स्पंद टाकून त्याचे ऑक्सिडीकरण घडवण्याविषयीचा पुणे विद्यापीठातील संशोधकांचा निबंध १९८७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला होता, तो माझ्या हाती देऊन, यात रसायनशास्त्र किती आहे ते सांग, असे आपण म्हणालात. माझ्या पुढच्या कामाची दिशा त्या प्रश्नाने ठरली.

अ‍ॅल्युमिनियमवर स्पंद पडताच उठणारा प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांचा आणि आयनांचा तप्त वायू, सुरुवातीला जवळजवळ पांढराच दिसतो, कारण मुक्त इलेक्ट्रॉनांचा अखंड प्रकाश बाकी सारे झाकून टाकतो. डिटेक्टर सुमारे एक मायक्रोसेकंद उशिरा उघडला, की ३९४.४ आणि ३९६.२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, त्या धातूच्या अणूंच्या वर्णपटरेषा स्पष्ट उभ्या राहतात. या दोन्ही रेषा अणूच्या एकाच वरच्या पातळीतून निघतात, त्यामुळे तापमान कितीही असले तरी त्यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर साधारण एकास दोन असायला हवे. ते एकास एककडे सरकू लागले, तर प्लाझ्मा स्वतःचाच प्रकाश गिळतो आहे आणि त्यावरून काढलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. ही कसोटी मी कोणत्याही व्याख्यानात ऐकली नव्हती. ती आपण यंत्राशेजारी उभ्या राहून, कागदाच्या कपट्यावर पातळ्या काढून समजावलीत.

पुढे परीक्षकांनी विचारले, की ४८४ नॅनोमीटरच्या आसपास दिसणारे अ‍ॅल्युमिनियम मोनॉक्साइड या रेणूच्या प्रकाशाचे पट्टे वायूतल्या ऑक्सिजनमुळे येतात, की धातूवर आधीच असलेल्या ऑक्साइडच्या थरामुळे. मी संदर्भ शोधत बसले असते. आपण पात्रातला ऑक्सिजन काढून आर्गॉन भरलात, त्याच जागी आधी काही स्पंद टाकून वरचा थर उडवून दिलात आणि मग मोजायला सांगितलेत. पट्टे नाहीसे झाले. ऑक्सिजन परत सोडल्यावर ते पुन्हा आले, तेही अणूंच्या रेषांनंतर, कारण प्लाझ्मा निवल्याखेरीज रेणू टिकत नाहीत. ज्या निबंधामुळे मला नोकरी मिळाली, त्याचा कणा हा प्रयोग आहे.

(१०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण थेट दृष्टिपटलावर एकवटतो, हे सांगून गॉगल विसरलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनाही आपण दाराबाहेर थांबवत होतात. त्याबद्दलचे आभार बहुधा अजून कोणी मानलेले नाहीत.)

सध्या मी तांब्याच्या लेसर जोडकामावर काम करते. तांबे अवरक्त प्रकाशाचा बहुतांश भाग परत फेकते, म्हणून आम्ही हिरवा लेसर वापरतो आणि जोड चालू असतानाच वर उठणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट नोंदवतो. तांब्याच्या ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ नॅनोमीटरच्या रेषांवरून आम्ही काढलेले तापमान मला थोडे जास्त वाटते. मसुदा टपालाने पाठवत आहे; सवडीने पाहून नेहमीप्रमाणे पेन्सिलीने शेरे लिहावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी