विल्सन व्हॅली निवारा, मेन (अमेरिका), मुक्काम दुसरा

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

काल रात्रीपासून पावसाने झोडपलंय, म्हणून आज इथेच मुक्काम. इथे रेंज नाही, तेव्हा वहीत लिहितेय. बाहेर पडले की फोटो काढून पाठवेन. म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा मी सुखरूप बाहेर आलेली असेन. आई, हे वाक्य पुन्हा एकदा वाच, मग पुढे जा.

मी एकटी आहे. मॉन्सन या शेवटच्या गावातच मैत्रिणीचा गुडघा दुखावला, ती बॉस्टनला परत गेली. मीही परतायला हवं होतं, कळतंय. पण रजा वर्षभर साठवलेली, मॉन्सनपुढच्या पाटीवर लिहिलंय तसा १० दिवसांचा शिधा पाठीवर बांधलेला. आणि १६० किलोमीटर म्हणजे या साडेतीन हजार किलोमीटरच्या अ‍ॅपलेशियन पायवाटेचा नुसता तुकडा! मध्ये गाव नाही, दुकान नाही, हे खरं. पण झाडाझाडावर पांढरे पट्टे रंगवलेत, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. (एकदा चुकले. दहाच मिनिटं.) शिवाय इथे एक सत्तरीचे आजोबाही थांबलेत, म्हणजे अगदीच एकटी नाही. दादाला रोज रात्री सॅटेलाइटवरून 'पोचले' असा निरोप जातो. त्याला बोलू नका, मीच शपथ घातली होती.

निवारा छान आहे. ओंडक्यांच्या तीन भिंती, चौथी बाजू उघडी, पण छप्पर गळत नाही. झोपताना घालायचे मोजे वेगळे ठेवलेत, ते कोरडे आहेत. दुपारी गरम भात आणि तुझं मेतकूट. तूप मात्र संपलं. उंदरांपासून बचाव म्हणून छताला दोरी टांगून मध्ये पत्र्याचा डबा उलटा अडकवलाय, खाली खाऊची पिशवी. उंदीर दोरीवरून उतरतो आणि डब्यावरून घसरतो. रात्री टण् वाजलं की तुझ्या फडताळातल्या उंदराची आठवण येते.

बाबा, पुढे वाटेत एक ओढा आहे. पूल नाही, पाण्यातूनच जायचं. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर तुम्ही मला दोन तास काठावर बसवून ठेवलंत, मी रडून गोंधळ घातला, तरी तुम्ही हलला नाहीत. आज सकाळी मीही पाण्याच्या कडेला काठी रोवून आले. दुपारी बघितलं तर ती वीतभर पाण्यात. म्हणून थांबलेय. उतरेन तेव्हा सॅकचा कमरेचा पट्टा सोडूनच उतरेन, तेही सकाळी, पाणी ओसरल्यावर. नाही ओसरलं तर आणखी एक दिवस भात-मेतकूट.

आता तुमचं. बाबा, गच्चीवर शेवाळ असेल, कुंड्यांचं निमित्त काढून वर जायचं नाही. उपाशीपोटीची गोळी उपाशीपोटीच घ्यायची, चहानंतर नाही. एकोचा रिपोर्ट दादाला पाठवा, 'सगळं ठीक' एवढंच पाठवू नका. आई, तू गुडघ्याचा पट्टा लाव, आणि मी एकटी आहे हे मावशीला एवढ्यात सांगू नकोस. दिवाळीचं तिकीट काढलंय, ते पक्कं.

पाऊस जरा कमी झालाय. अंधार पडायच्या आत काठी बघून येते.

तुमची,
चिमी