आबांचा हात हलत नव्हता, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मागितलेली प्रिंट सोबत आहे. पण नुसती प्रिंट पाकिटात घालून पाठवायला मन होईना, आणि तुमचे आभार चार लोकांसमोर मानावेत असं वाटलं, म्हणून हे उघड पत्र. नाव मुद्दामच लिहीत नाही. नाहीतर उद्या पुण्यातले सगळे जुने कॅमेरे तुमच्या जिन्यात येऊन बसतील.

आबांचा झोर्की-4, म्हणजे तो जुना रशियन फिल्म कॅमेरा, घेऊन मी तुमच्याकडे आले, त्याआधी दोन दुकानं फिरून झाली होती. एकाने "शोकेसमध्ये छान दिसेल" म्हणून सांगितलं, दुसऱ्याने उघडूनही बघितला नाही. तुम्हीही कॅमेऱ्याला हात लावला नाहीत. आधी फोटो मागितलेत. लांबचे फोटो सगळे स्वच्छ, जवळचे चेहरे मऊ पडलेले. "आबा म्हणायचे, माझा हात हलतो," मी म्हटलं. त्याच पायी त्यांनी कॅमेरा कपाटात टाकला होता. तुम्ही आईच्या फोटोवर भिंग ठेवलंत आणि म्हणालात, "अगं, मागच्या भिंतीचे पोपडे मोजता येतायत. हात हलला असता तर भिंतही हलली असती."

एवढंच बोललात आणि चहा टाकायला आत गेलात. मी तो फोटो धरून बसले होते. तीसेक वर्षं भिंत फोटोत दिसत होती, आणि आमच्यापैकी कोणी भिंतीकडे बघितलंच नव्हतं.

"माझे हात आता थरथरतात, तू कर," म्हणून तुम्ही मला गच्चीवर नेलंत. लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेला, लावायची आणि निदान दीड-दोन किलोमीटरवरची उभी कड शोधायची. सिंहगडावरचा टॉवर त्या धुरकट हवेत सापडेना, म्हणून पर्वतीचा कळस धरला. बघायच्या खिडकीतल्या मधल्या पिवळसर ठिपक्यात दोन प्रतिमांची एक झाली की अंतर जुळलं, हा रेंजफाइंडर. बघते तर दोन कळस, शेजारी शेजारी, आणि एक किंचित वर. लांबचे फोटो आबा लेन्स सरळ इन्फिनिटीला टेकवून काढत, म्हणून ते बिघडले नाहीत. रेंजफाइंडरवर विसंबून घेतलेले तेवढे चुकले.

"आधी उभं, मग आडवं," तुम्ही बजावलंत. पुढच्या गोल खिडकीची रिंग सोडवून आतली काच केसभर फिरवली. कळस खाली आला, पण बाजूलाही सरकला. मी दचकले. तुम्ही हसलात. ती काच पाचरीसारखी घासलेली असते, फिरवली की प्रतिमा सरळ न जाता गोलात जाते, म्हणून आडवं नेहमी शेवटी. मग खिडकीजवळचा तो एवढासा झाकणाचा स्क्रू काढायचा, आणि भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून आतला स्क्रू घड्याळाच्या काट्याइतका हलवायचा. मी चार वेळा पुढे गेले, पाच वेळा मागे आले. कळस एक झाला तेव्हा खालून कोणीतरी बोंबलत होतं की पाण्याची मोटर बंद करा. लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला कळवणाऱ्या, लेन्समागच्या जिभेला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत.

खरी परीक्षा जवळची. 50 मिमीची ती ज्युपिटर-8 लेन्स एफ/2 ला, म्हणजे पूर्ण, उघडली की मीटरभरावर जेमतेम 5 सेंटीमीटरची खोली स्वच्छ मिळते. नाक आलं तर कान जातो. मागचं झाकण काढून, फिल्म ज्या आतल्या पट्ट्यांवर टेकते तिथे ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, शटर बी वर, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर उघडं राहतं त्या खुणेवर, उघडं ठेवलं. फिल्मच्या जागेपासून टेप लावून मोजून एक मीटरवर वर्तमानपत्र टांगलं. कागदावर उलटा मथळा उमटला, अक्षरांच्या कडा भिंगातून करकरीत, आणि खिडकीतही मथळा एकच! मग नेलपॉलिशचा थेंब. तुम्ही "घरून आण" म्हणालात तेव्हा मला चेष्टा वाटली होती; तो स्क्रू हलू नये म्हणून होता.

जाताजाता केसमधली आबांची चिठ्ठी वाचलीत: "आधी चावी, मग स्पीड." फिल्म ओढून शटर ताणल्याशिवाय या कॅमेऱ्यात वेग बदलायचा नसतो, नाहीतर आतलं काम बिघडतं. "माणूस शिस्तीचा होता," म्हणालात. त्या एका वाक्यासाठी मी तुमची जास्त ऋणी आहे. स्क्रूसाठी थोडी कमी.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, प्रिंट मागितलीत. मीटरभरावरून, एफ/2 ला, तुमच्याच खिडकीतल्या उजेडात काढलेली आहे. भिंग काढा आणि चष्म्याच्या बिजागरीतला स्क्रू बघा. त्याची खाच दिसते.

तुमची,
झोर्कीवाली