मागच्या चाकाची चौकशी

ताई,

सप्रेम नमस्कार. जॅस्परला सुखरूप पोचले. फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही हमखास विषय बदलणार, म्हणून हे जाहीर पत्र.

कॅनडातला लेक लुईस ते जॅस्पर, बॅन्फ आणि जॅस्पर या दोन राष्ट्रीय उद्यानांतून जाणारा सुमारे 230 किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे हा डोंगरी रस्ता सायकलवर एकटीने करणार म्हटल्यावर जो तो मला अस्वलांचे किस्से ऐकवत होता. तुम्ही विचारलंत, "मागच्या चाकाला स्पोक किती? सामान किती किलो?" माझी निम्मी धास्ती तिथेच गेली. अस्वलांचं तुम्हीही बोललात, पण कामाचं: अस्वलाला पळवायचा स्प्रे पॅनियरच्या (कॅरिअरला लटकवायच्या पिशवीच्या) तळाशी नको, हँडलपाशी हवा, अस्वलाच्या 100 मीटरच्या आत जायचं नाही, आणि तंबूत खाऊच काय, टूथपेस्टसुद्धा ठेवायची नाही.

बो समिट या खिंडीच्या चढाने दमवलं, पण तो चढ गोडच. सॅस्कॅचेवान क्रॉसिंग या वाटेतल्या थांब्यावर तुमच्या हुकमाप्रमाणे पोटभर खाल्लं आणि पिशव्याही भरल्या.

पुढे सनवॅप्टा खिंडीआधीच्या त्या मोठ्या वळणावर 'टिंग' असा आवाज आला. मागचं चाक ब्रेकच्या पॅडला घासायला लागलं. चेनच्या बाजूचाच स्पोक, अगदी तुम्ही म्हणाला होतात तसा! तिथे साधा स्पोक असून उपयोग नव्हता, कारण कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) काढल्याशिवाय तो बसत नाही, आणि मोबाइलला रेंज नाही. तुम्ही कुरिअरने पाठवलेला केव्हलर या चिवट धाग्याच्या दोरीचा स्पोक काढला. दोरी हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकातून ओवली, ताणली, स्पोक आवळायच्या किल्लीने पीळ दिला. थंडीने बोटं वळत नव्हती. चाक थोडं डुलत राहिलं, पण घासायचं थांबलं. जॅस्परपर्यंत त्याच दोरीवर आले.

तुमच्या आग्रहाखातर अथाबास्का हिमनदीपाशी सायकल लावून चालत गेले. कोणत्या साली बर्फ कुठवर होता ते दाखवणाऱ्या पाट्या ओलांडत चालायचं, आणि बर्फ काही येत नाही. फोटो काढावासा वाटला नाही.

तुमची सामानाची यादी माझ्या एका मैत्रिणीला पाठवली आहे. तीही एकटीच निघते आहे. तुम्हाला न विचारता तुमचा नंबरही दिलाय. तिच्या मागच्या चाकाची चौकशी आता तुम्हीच करा.

तुमची,
एक सायकलवाली