कार्ड पगारदारांचं, आम्ही हंगामावर जगणारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेपरात काय आणि मोबाईलवर काय, क्रेडिट कार्डाबद्दल जे वाचायला मिळतं ते सगळं दर महिन्याला पगार जमा होणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं असतं. पॉइंट कसे जमवायचे, कॅशबॅक कुठे जास्त, एअरपोर्टचं लाउंज कुठल्या कार्डावर फ्री. आमच्या गुहागर-दापोलीकडे किती जण लाउंजात जाऊन बसतात देव जाणे. इथे पैसा येतो तो मार्च ते मे, आंब्या-काजूचा आणि टुरिस्टचा, त्यातही वाशी मार्केटच्या दलालाकडून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, यायला कधी कधी पावसाळा उजाडतो, आणि यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खर्च मात्र नेमका तेव्हाच, पोरांच्या कॉलेजच्या फिया, बागेची बेणणी, खतं आणि मग गणपती, चाकरमानी घरी येणार म्हटल्यावर हात आखडून चालत नाही. बरोब्बर याच दिवसांत मोबाईलच्या दुकानाबाहेर टेबल टाकून पोरं बसलेली असतात, काका लाइफटाइम फ्री आहे, फक्त आधार-पॅन द्या.

लाइफटाइम फ्री म्हणजे वर्षाची फी फ्री, व्याज फ्री नाही. हे त्या टेबलावर कोण सांगत नाही.

मुळात तीन कार्डं दिसायला सेम असतात तिथेच अर्धा घोळ होतो. आपण ज्याला एटीएम कार्ड म्हणतो ते डेबिट, त्यातून खात्यातले आपलेच पैसे जातात. प्रीपेडमध्ये पैसे आधी भरायचे आणि भरले तेवढेच वापरायचे, गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हे प्रीपेडच आहे. आणि क्रेडिट कार्डावर खर्च होतो तो बँकेचा पैसा, आपला एक रुपया पण नाही, लिमिट एक लाख आलं म्हणजे आपल्याकडे एक लाख आले असं नाही. आता २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं त्यामुळे दुकानात स्कॅन करताना खात्यातले जातायत की उधारीचे तेही चटकन लक्षात येत नाही.

पूर्वी वाण्याकडे वही असायची, तीही उधारीच, पण वाण्याला माहीत असायचं की ह्याचे आंब्याचे पैसे मेमध्ये येणार, तोपर्यंत तो थांबायचा. कार्डाची सिस्टिम तशी थांबत नाही, तिला दर महिन्याला बिल काढायचं असतं. खरेदी केल्यापासून फार तर ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात, तेही बिल निघाल्या निघाल्या खरेदी केली तर, बिलाच्या आदल्या दिवशी घेतलं तर जेमतेम २० दिवस. पगारदाराला हे मस्त जमतं, पण जूनमध्ये कार्ड घासून पुढच्या मेमध्ये फेडणाऱ्याचं गणित यात बसत नाही.

आणि मग माणूस धरतो तो मिनिमम ड्यू. बिलात दोन आकडे असतात, एक पूर्ण रक्कम आणि एक किमान, आणि किमान भरलं की महिना निभावला असं वाटतं. निभावतो तो फक्त लेट फीचा प्रश्न, व्याज चालूच राहतं. ढोबळ हिशोब करून बघा. बिल ३०,००० आलं, किमान रक्कम समजा ५ टक्के, म्हणजे १,५०० भरले, राहिले २८,५००. बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे ९९७ रुपये आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, सगळं मिळून जवळपास १,१७७. म्हणजे पुढच्या महिन्यात परत दीड हजार भरले तर मुद्दल कमी होणार सव्वातीनशेने. प्रत्यक्षात याहून वाईटच, कारण पूर्ण बिल भरलं नाही तर व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. साडेतीन टक्के ऐकायला कमी वाटतं, वर्षाचे ४२ होतात. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं चुकीचं म्हटलं होतं, तो निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या आशेवर राहण्यात अर्थ नाही.

याहून महाग म्हणजे क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घालून कॅश काढणं. इकडे हे फार चालतं कारण बागेतल्या गड्यांना, बोटीवरच्या खलाशांना रोख द्यावी लागते. यात बिनव्याजी एकही दिवस नाही, वर साधारण अडीच टक्के फी, आणि बऱ्याच कार्डांवर ती कमीत कमी ५०० तरी असते. दोन हजार काढले आणि पाचशे फी गेली तर सावकार परवडला म्हणायची पाळी.

आपल्या हंगामाला बसणारी उधारी आहे, तिचं नाव किसान क्रेडिट कार्ड, पण नावात क्रेडिट कार्ड आहे म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. ते १९९८ पासून आहे आणि २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं. ते खरं तर पीककर्जच, फेडायची मुदत पीक हातात येऊन विकलं जायच्या हिशोबाने असते आणि ठराविक मर्यादेपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर ४. कुठे ४ आणि कुठे ४२. कागदपत्रांना हेलपाटे पडतात हे मान्य, टेबलावरचं कार्ड दहा मिनिटात होतं, पण हेलपाट्याचे पैसे धरले तरी किसान कार्डच स्वस्त पडतं.

प्रीपेडचं पण सगळं गोडच आहे असं नाही. मेमध्ये पैसा आला की मुंबई-पुण्याला शिकणाऱ्या पोराच्या कार्डात भरून ठेवायला बरं, भरले तेवढेच जातील, बिल नाही व्याज नाही. पण पूर्ण केवायसी नसेल तर १०,००० च्या वर त्यात राहत नाही, कॅश निघत नाही, पूर्ण केवायसी केली तर २ लाखांपर्यंत. ठेवलेल्या पैशावर व्याज शून्य, आणि बँकेऐवजी कुठल्या कंपनीचं वॉलेट असेल तर बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जो विमा असतो तो त्याला नाही. त्यामुळे वर्षाची पुंजी त्यात टाकू नये. चाकरमानी आईवडिलांना ऑफिसची गिफ्ट कार्डं आणून देतात तीही यातलीच, परत भरता येत नाहीत, कॅश होत नाहीत आणि मुदत संपते, ती कपाटात न ठेवता वापरून टाका.

क्रेडिट कार्ड घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. घेतलं तर फॉर्म भरताना ऑटो डेबिटला, म्हणजे बिल खात्यातून आपोआप जायच्या रकान्यात, 'पूर्ण रक्कम' वर टिक करा, टेबलावरची पोरं बऱ्याचदा किमानवर करून मोकळी होतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे बाकी नसेल तर कार्ड बंद करायची विनंती सात कामाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. न मागता गळ्यात मारलेल्या कार्डाचं बिल लावलं तर ते रद्द करून वर दुप्पट दंड. आणि त्याच नियमांत अटी शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्या असंही आहे, पण 'शक्यतो' म्हटल्यावर काय होणार ते आपल्याला माहीत आहे. तरी मराठीतल्या अटी टेबलावरच मागा, मिळाल्या नाहीत तर सही करू नका.

संपादक साहेब, तुमच्याकडे विनंती एवढीच की हंगामी उत्पन्नवाल्यांसाठी पण एखादं पान काढा, आणि ते दिवाळीच्या पुरवणीत नको, मे अखेरीला काढा, आंब्याचा पैसा हातात असतो आणि गणपतीच्या आधीचं कार्डवाल्यांचं टेबल अजून लागलेलं नसतं तेव्हा. बँकांची साक्षरता शिबिरं होतात ती पण त्याच सुमारास बंदरावर आणि आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये घ्या म्हणावं, भर पावसात तालुक्याच्या हॉलमध्ये घेऊन कोण येणार.

आपला,
एक बागायतदार वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी