खाकी पुठ्ठ्याची वही

प्रिय ताई,

पत्र उघडं लिहितोय म्हणून आधीच सांगतो, तुझं नाव यात कुठेही नाही. कॉलेजचंही नाही. तरी तुझा फोन येणार आणि "कशाला एवढा तमाशा?" म्हणणार, हे धरूनच बसलोय. पण तू बंगळुरूला गेल्यापासून आपलं बोलणं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा, आणि मला जे सांगायचंय ते अंगठ्यात मावत नाही.

२०२२ चा पावसाळा आठव. मी एस.वाय.ला. एफ.वाय. अर्धं मोबाईलवर गेलेलं, त्यामुळे कॉलेजात शिरून जेमतेम काही महिने झाले होते. जिन्याखालच्या खोलीत नाट्यमंडळाची ऑडिशन होती. दिलेला उतारा मी रेडिओवर बाजारभाव सांगतात तसा वाचला. समोरच्या बाकावरचा एक जण हसू दाबून दाबून लाल झाला होता. शेवटी "कळवतो" म्हणाले. या "कळवतो"चा अर्थ करमाळ्याच्या पोराला कळायला पुण्यात राहावं लागत नाही. सॅक उचलून निघालो, तर दारात तू. तुझा पहिला प्रश्न असा होता: "टेम्पोवाल्याशी भाव करता येतो का रे तुला?"

आता कांद्याच्या गाडीवर बसून ज्याचं बालपण गेलं, त्याला हे विचारणं म्हणजे काय! भाडं वेगळं, हमाली वेगळी, वाराई म्हणजे गाडी खाली करायचे पैसे कुणाकडे ते आधी ठरवायचं, आणि गाडी परत रिकामी जाणार असेल तर भाव कुठून धरायचा, हे मी तुला पाच मिनिटं उभ्याउभ्या सांगितलं. तू हसली नाहीस. फक्त म्हणालीस, "उद्या सहाला ये. चहा मंडळाचा."

नाटकाच्या मंडळात नट लागतात एवढंच मला माहीत होतं. मंडळ चालवायला माणसं लागतात हे त्या दिवशी कळलं, आणि आपणही त्यातले असू शकतो हे पहिल्यांदा वाटलं.

पुढे हळूहळू लक्षात आलं की तू माझ्यासारख्यांना का गोळा करत होतीस. कॉलेजातली मंडळं तोंडी चालतात. टी.वाय.वाला एस.वाय.वाल्याला सांगतो, तो एफ.वाय.वाल्याला. परवानगीच्या अर्जावर आधी कुणाची सही, हॉलची किल्ली कुणाकडे, रात्री नऊनंतर कोणत्या वॉचमनला विनवायचं, सगळं तोंडी. ही साखळी कितीतरी वर्षं चालली, आणि टाळेबंदीत तुटली. कॉलेज उघडलं तेव्हा जुने सगळे पास होऊन गेलेले. २०१९ ची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा आतून पाहिलेली मंडळात तू एकटी उरली होतीस, तीही तेव्हा एफ.वाय.ला होतीस आणि विंगेत पाण्याच्या बाटल्या धरून उभी होतीस. एम.कॉम.ला त्याच कॉलेजात राहिलीस तेव्हा लोक काय काय बोलले. मला खरं कारण कुणी सांगितलेलं नाही, पण खाकी पुठ्ठ्याची ती वही तू त्याच वर्षी लिहिलीस, एवढं मला माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने कॉलेजांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू केला तो १९६३ साली. भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेऱ्या चालू झाल्या की पुण्यातल्या कॉलेजांना दुसरं काही सुचत नाही. पडदा वर जायच्या आधी "अरे आव्वाज कुणाचा"ने छप्पर उडायचं बाकी राहतं. पण इतक्या वर्षांत आपलं कॉलेज कितीदा उतरलं, कोणती एकांकिका केली, याचा एक कागद आपल्याकडे नव्हता. होती फक्त एक गंजलेली ट्रंक, त्यात दोन दाढ्या आणि एक तुटकी तलवार.

वहीची पहिली पानं हिशेबाची. तिथेच मी सगळ्यात जास्त मार खाल्ला. कॉलेजच्या ऑफिसला पक्कं बिल लागतं. आपली खरेदी कुठे, तर रविवारच्या जुन्या बाजारात, बोहरी आळीत आणि तापकीर गल्लीतल्या फुटपाथवर. जुन्या बाजारातला माणूस पितळी कंदील देताना बिल देईल का? मी आपला खर्च करत गेलो आणि चिठ्ठ्या खिशात कोंबत गेलो. पँट धुतली गेली. शेवटी ६४० रुपयांचा मेळ बसेना. मी म्हणालो, माझ्या खिशातून घालतो. तू म्हणालीस, "पैसे घातलेस तर हिशेब जुळेल, पण तू खोटा ठरशील." मग लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसवून तू मला तो रविवार सकाळपासून परत चालायला लावलास. बसचं तिकीट, मग चहा, मग कंदील, मग दोरी. दोरी! ४० मीटर नायलॉनची दोरी मी साफ विसरलो होतो. दोरी आणि टेम्पोचा ॲडव्हान्स धरून बरोबर ६४०.

दुसऱ्या दिवशी तू व्हाउचरचं पुस्तक हातात दिलंस. बिल नसेल तिथे व्हाउचर, घेणाऱ्याची सही, वस्तूचं नाव, मागे सरांची सही. पाच हजारांच्या वर रोख दिले तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. आज मी नोकरीच्या ठिकाणी हिशेब तपासतो तेव्हा माझे साहेब विचारतात, हे कुठे शिकलास. मी नाटकात म्हणतो. त्यांना वाटतं चेष्टा करतोय.

आणि ते टेबल. प्राथमिक फेरीच्या दिवशी विंगेतल्या टेबलावर तू वर्तमानपत्र पसरलंस, त्यावर एकेक वस्तू ठेवलीस आणि स्केचपेनने प्रत्येकीच्या कडेने रेघ मारलीस. चष्मा, कंदील, पत्र, अडकित्ता. वस्तू उचलली की कागदावर तिचा आकार रिकामा दिसायचा. कोण काय घेऊन रंगमंचावर गेलंय आणि कुणी परत ठेवलेलं नाही, हे अंधारातसुद्धा बारक्या टॉर्चने एका नजरेत कळायचं. बाहेर आपली पोरं घसा फोडून ओरडत होती. मीही ओरडायला धावणार होतो. तू माझी कॉलर धरलीस. अडकित्त्याचा आकार रिकामा होता आणि तो तिसऱ्या मिनिटाला लागणार होता. सापडला कुठे, तर नायकाच्या खिशात. गडी सुपारी कातरत बसला होता.

आपण प्राथमिक फेरीतच बाहेर पडलो, त्यावर काय लिहायचं. संहिता कच्ची होती. त्या स्पर्धेत सगळा भर संहिता, अभिनय आणि दिग्दर्शनावर, तिथे आपला पितळी कंदील काय कामाचा. पण त्याच वर्षी अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, आणि पुण्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आपल्या कट्ट्यावर दोन तट पडले. मी "पोरांचा अपमान झाला" म्हणणाऱ्यांत होतो. तू चहा संपवून म्हणालीस, "दोन वर्षं कुणी कुणाला शिकवलंच नाही, तर दुसरं काय होणार?" परीक्षकांचं बरोबर की चूक ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण वही तू का लिहीत होतीस ते तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी मला सचिव केलंत. केलंत म्हणजे काय, निवडणूक थोडीच होती. राज्यात खुल्या विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकात बंद पडल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परत आल्या त्या कागदावरच. मंडळाचा सचिव आपल्याकडे अजूनही चहाच्या टपरीवर ठरतो. मी पहिल्याच महिन्यात घोळ घातला. गाजलेल्या चार पोरांना घेऊन बसलो, बाकी तीस जणांना "लागलं तर बोलावतो" सांगितलं. ऑगस्टमध्ये सेट उचलायला सहा जण होते. रात्री अकराला तुला फोन केला, अर्धा रडतच. तू उपदेश केला नाहीस. वहीचं एकोणिसावं पान उघड म्हणालीस. तिथे तुझ्या अक्षरात एवढंच होतं: "ऑडिशनला आलेल्या प्रत्येकाचं नाव, नंबर, आणि त्याला दुसरं काय येतं." खाली २०२२ ची यादी. शिवण येते. बुलेट दुरुस्त करतो. अक्षर सुंदर. आजोबा भजनी मंडळात, पेटी घरी आहे. माझ्या नावापुढे: "अभिनय नाही. भाव करतो. चिडत नाही."

ताई, ते "चिडत नाही" मी किती वेळा वाचलं असेल. घरी तर मला तापट म्हणतात.

त्या रात्री मी तीस जणांना फोन केले. बावीस आले. शिवण येणाऱ्या मुलीने नऊवारीला वेल्क्रो लावून ती दीड मिनिटात बदलता येईल अशी केली. पेटी आली, आजोबाही आले, आणि तालमीला रोज बसायला लागले. फिरोदिया करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या दुसऱ्या स्पर्धेला, तर त्यांनी आमच्या पोरांना दोन अभंगांच्या चाली बसवून दिल्या.

वही आता माझ्याकडेही नाही. मंडळातच आहे, ट्रंकेत, दाढ्यांच्या खाली. गेल्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा पाहिली. पानं संपली म्हणून मागे दुसरी वही शिवलीय, तुझ्याच पद्धतीने, सुतळीने. नवीन सचिव एफ.वाय.पासून विंगेत होती. तिने मला ओळखलं नाही आणि ट्रंकेला हात लावायच्या आधी नाव लिहायला लावलं.

एक बदल तेवढा मी केला. चौथ्या पानावरचा टेम्पोवाला आता गाडी चालवत नाही, त्याचा मुलगा चालवतो. जुना नंबर खोडला नाही, नवा खाली लिहिलाय. आणि समोर लिहून ठेवलंय की तो भाव सांगताना वाराई धरत नाही, आधी विचारून घ्यायचं.

तुझा,
कांद्याच्या गाडीवरचा